काचेत हळू झालेला प्रकाश बाहेर आल्यावर परत जोरात कसा काय जातो?

दहावीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. अपवर्तनाचा धडा चालू आहे, मी स्वतः बी.कॉम. झालेली पण रात्री तिच्याबरोबर बसते अभ्यासाला. काल तिने विचारलं, आई, प्रकाश काचेत शिरला की हळू होतो हे ठीक, पण काच संपल्यावर त्याला परत ढकलतं कोण? सायकल चिखलात गेली की हळू होते, पण चिखल संपला म्हणून पायडल न मारता आपोआप पहिल्यासारखी पळत नाही ना. मला काहीच सांगता आलं नाही. क्लासमध्ये विचारलं तर परीक्षेला येत नाही, सूत्र पाठ कर एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही, प्रश्न चांगला आहे तिचा.

थोडं शोधलं तर एका व्हिडिओत म्हणतात की प्रकाशाचे कण काचेतल्या अणूंवर आपटत आपटत जातात म्हणून उशीर होतो, आणि दुसऱ्यात म्हणतात की प्रकाश लाटेसारखा वळवळत जातो म्हणून त्याला रस्ता लांब पडतो. वर आइन्स्टाइनने तर सांगितलंय की प्रकाशाचा वेग कायम सारखाच. मग काचेत कमी होतोच कसा? बारावीचं गणित नको, समजेल असं सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर

ताई, आधी लेकीला शाबासकी सांगा. ज्युनियर कॉलेजला ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, हा प्रश्न फार कमी मुलांनी विचारला, आणि ज्यांनी विचारला त्यांना मीही सुरुवातीला ते अणूंवर आपटण्याचंच उत्तर देत होतो, ते चूक आहे हे मला नंतर कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायकलवाल्या शंकेचं उत्तर असं की सायकल ही वस्तू आहे, तिचा वेग तिला मिळालेल्या धक्क्यावर ठरतो. लाटेचं तसं नसतं, लाट त्या क्षणी ज्यातून जातेय त्यावर तिचा वेग ठरतो, मागे काय झालं त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. आवाजाचं उदाहरण द्या तिला, नववीत झालंय. रेल्वेच्या रुळात आवाज सेकंदाला साधारण ५ किलोमीटर जातो आणि रुळातून हवेत आला की लगेच ३४० मीटरवर येतो. तिथे ब्रेक कोण लावतं? कोणीच नाही. हवेतल्या लाटेचा वेग तेवढाच असतो. तसंच काचेतून बाहेर आलेल्या प्रकाशाला कोणी ढकलत नाही.

आता काचेत नेमकं काय होतं. प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची लाट. ती काचेत शिरली की तिथले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलायला लागतात, आणि डोलणारा इलेक्ट्रॉन स्वतः पण त्याच वारंवारतेची (म्हणजे सेकंदाला तेवढेच हेलकावे घेणारी) बारीकशी लाट सोडतो, फक्त ती मूळ लाटेच्या किंचित मागे असते. मूळ लाट अधिक या सगळ्या अब्जावधी बारीक लाटा, यांची बेरीज केली की जी एक लाट तयार होते तिचे उंचवटे हळू पुढे सरकतात. साध्या काचेत सेकंदाला २ लाख किलोमीटर. काच संपली, इलेक्ट्रॉन संपले, बेरजेत भर घालणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे परत ३ लाख. (हवेत पण किंचित कमी असतो, पण हवेचा अपवर्तनांक, म्हणजे निर्वात जागेतला वेग भागिले हवेतला वेग, फक्त १.०००३, सोडून द्या.)

अणूंवर आपटत जातो म्हणणाऱ्यांना एकच विचारा, आपटलेला कण वाटेल त्या दिशेला उडेल की नाही? मग काच दुधासारखी पांढरट दिसायला हवी, चष्म्यातून पुस्तक वाचता आलं नसतं. पण किरण काचेतून सरळ, शिस्तीत बाहेर पडतो. सगळ्या इलेक्ट्रॉनच्या लाटा तालात असतात म्हणूनच हे शक्य होतं.

आणि ते वळवळणं! ही चूक तर आपल्या पुस्तकातल्या आकृतीनेच होते. आकृतीत वरखाली जाणारी रेघ म्हणजे प्रकाशाचा रस्ता नाही हो. सरळ रेषेवर कुठल्या ठिकाणी विद्युत क्षेत्र किती जोराचं आहे आणि कुठल्या बाजूला आहे त्याचा तो आलेख. पेपरात तापमानाचा आलेख वरखाली जातो म्हणून थर्मामीटर भिंतीवर वरखाली सरकतो असं कोणी म्हणत नाही. शिवाय वळवळीमुळे उशीर होत असता तर प्रखर प्रकाशाची लाट उंच, तिचा रस्ता जास्त लांब, म्हणजे टॉर्चचा उजेड समईच्या उजेडापेक्षा उशिरा पोचला पाहिजे. तसं होत नाही.

आइन्स्टाइनचं म्हणणं निर्वात जागेतल्या वेगाबद्दल आहे. तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, आणि १९८३ पासून हा आकडा मोजायचा राहिलेलाच नाही, कारण मीटरचीच व्याख्या त्याच्यावरून केली.

अजून एक, हे परीक्षेला पण उपयोगी पडेल. काचेत वेग कमी होतो तेव्हा वारंवारता बदलत नाही, तरंगलांबी (शेजारच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर) कमी होते. मग मुलं विचारतात, ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश काचेत ४३३ चा झाला, तो तर जांभळट निळ्याचा आकडा, मग लाल काच निळी का नाही दिसत? कारण रंग वारंवारतेवर ठरतो. आणि बाहेर हवा असो, पाणी असो, डोळ्याच्या पडद्यावर पोचायच्या आधी प्रकाशाला बुबुळामागच्या त्या जेलीसारख्या द्रवातून जावंच लागतं, त्याचा अपवर्तनांक १.३४ च्या आसपास. म्हणजे शेवटची तरंगलांबी कायम तीच.

घरी मायक्रोवेव्ह असेल तर तिला प्रकाशाचा वेग स्वतः मोजायला लावा. मायक्रोवेव्ह पण प्रकाशच आहे, फक्त डोळ्याला न दिसणारा. आतली फिरणारी काचेची प्लेट आणि तिच्याखालची चाकं काढा, मधल्या खुंटीवर काहीही फिरणार नाही अशा बेताने एक सपाट डिश पालथी ठेवा, त्याच्यावर उडदाचे पापड एकाला एक लावून पसरा आणि १५-२० सेकंदच चालवा, जास्त नाही. पापड सगळीकडे फुलणार नाही, ठिपक्या ठिपक्यांनी फुलेल. पेटीच्या धातूच्या भिंतींवरून लाटा परत येतात आणि एकमेकींत मिसळतात, तंबोऱ्याची तार जशी काही जागी जोरात हलते आणि काही जागी हलतच नाही तसं. शेजारच्या दोन फुललेल्या ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. मागच्या स्टिकरवर वारंवारता लिहिलेली असते. तरंगलांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार करा, तोच वेग.

फायबरवाला_सातारा

सरांनी मस्त सांगितलं. मी पुस्तकातलं नाही सांगत, मी ऑप्टिकल फायबरच्या जॉइंटिंगचं काम करतो, आमचा पगारच या अपवर्तनांकावर चालतो म्हटलं तरी चालेल. जेसीबीने खोदताना केबल तुटली की आम्ही एका टोकाला ओटीडीआर लावतो, ते मशीन लेझरचा एक छोटा पल्स सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडाला किती वेळ लागला त्यावरून तुटलेली जागा सांगते. पण मशीनला वेळच कळतो, अंतर कळत नाही, त्यासाठी काचेतला वेग आपण भरायचा. तो अपवर्तनांकातून भरतात, आपल्या साध्या सिंगल मोड फायबरला १.४६८ टाकतो आम्ही. कुणी नवीन पोराने शाळेत काचेचा १.५ शिकलोय म्हणून १.५ टाकला तर २० किलोमीटरवरचा कट १९.५७ वर दिसतो, म्हणजे सव्वाचारशे मीटर अलीकडे खड्डा खणून बसायचं भर उन्हात आणि केबल तिथे एकदम ठणठणीत. झालंय असं आमच्या गँगबरोबर, दोन खड्डे फुकट गेले आणि लाइन सहा तास बंद.

वरून चेंबरमध्ये १०-१५ मीटरचं लूप गुंडाळून ठेवलेलं असतं ते पण धरावं लागतं, रस्त्याचं अंतर आणि फायबरचं अंतर एक नसतं.

आणि ताई अजून एक गैरसमज, लोक म्हणतात फायबर म्हणजे प्रकाश, म्हणजे इंटरनेट ३ लाख किलोमीटरच्या वेगाने येतं. नाही, फायबरमध्ये उजेड २ लाख ४ हजारनेच जातो, टॉवरवरचा रेडिओ सिग्नल हवेतून त्याच्यापेक्षा जोरात जातो. फायबर घेतात ते एका वेळी किती माल जातो म्हणून, गाडी किती पळते म्हणून नाही.

अणुशक्तीनगर

फायबरवाल्या दादांचं वाचून हे लिहावंसं वाटलं. "प्रकाशापेक्षा जोरात काहीच जाऊ शकत नाही" हे वाक्य पण अर्धवटच सांगतात सगळे. निर्वातातल्या प्रकाशापेक्षा नाही, हे बरोबर. पण पाण्यात प्रकाश २.२५ लाखावर येतो आणि तिथे वेगवान इलेक्ट्रॉन त्याच्या पुढे निघून जाऊ शकतात. गेले की आवाजापेक्षा जोरात जाणाऱ्या विमानाच्या मागे जसा धडाका होतो तसा प्रकाशाचा एक शंकू तयार होतो, निळसर. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी, ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली, पाण्याच्या टाकीत होती, आणि तिच्या पाण्यात हाच निळा प्रकाश दिसायचा. अप्सरा हे नाव नेहरूंनी ठेवलं ते त्या निळ्या तेजावरूनच. कुठलाही नियम मोडत नाही यात, कारण इलेक्ट्रॉन ३ लाखाच्या खालीच असतो, प्रकाशच मागे पडलेला असतो.

आणि तो ३ लाखाचा आकडा फक्त प्रकाशाच्या मालकीचा नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याच्या गुरुत्वीय लहरी पोचल्या आणि त्याच घटनेचे गॅमा किरण (तेही डोळ्याला न दिसणारा प्रकाशच) १.७ सेकंदांनी. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात १.७ सेकंद! मी तो आकडा वाचला तेव्हा किती तरी वेळ नुसती बसून होते.

गोदाकाठ

विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतं की सायणाचार्यांनी १४व्या शतकात प्रकाशाचा वेग सांगून ठेवलाय, अर्ध्या निमिषात २२०२ योजनं, हिशोब केला की बरोबर ३ लाख. खरं आहे का? माझे सासरे फार अभिमानाने सांगतात, त्यांना दुखवायचं नाहीये, पण मुलाला काय सांगू ते कळत नाही.

संस्कृत_आणि_गणित

गोदाकाठ ताई, श्लोक खरा आहे. ऋग्वेदातल्या सूर्यसूक्ताच्या, १.५० च्या, भाष्यात सायणाचार्यांनी तो दिलाय, आणि "असं स्मरतात" म्हणून दिलाय, म्हणजे त्यांच्या आधीपासूनच चालत आलेला. पण श्लोक सूर्याला उद्देशून आहे, अर्ध्या निमिषात एवढी योजनं चालणाऱ्या तुला नमस्कार असो. चालणारा सूर्य आहे, त्याचा प्रकाश असं शब्दात कुठे नाही.

आता हिशोब. योजन म्हणजे नक्की किती? आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजनं दिलाय, त्यावरून योजन १२ किलोमीटरच्या थोडं वर. सूर्यसिद्धांतात व्यास १६०० योजनं, म्हणजे योजन ८ किलोमीटर. निमिषाचं पण तसंच, पुराणांत १५ निमिषांची एक काष्ठा (काळाचं त्याच्या वरचं माप) आणि मनुस्मृतीत १८ ची, त्यामुळे निमिष एकात ०.२१३ सेकंद येतं आणि दुसऱ्यात ०.१७८. मी काल रात्री चारही जोड्या करून बघितल्या. सेकंदाला १.६४ लाख किलोमीटर, १.९७ लाख, २.५ लाख आणि एक ३ लाख. फॉरवर्डमध्ये जुळेल तेवढंच घेतलेलं असतं. ज्याला उत्तर आधी माहीत आहे त्याला असं जुळवता येतं, पण नुसत्या श्लोकावरून उत्तर काढता आलं नसतं.

मोजलं त्यांची गोष्ट मुलाला सांगा. १६७६ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत रोमर गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं बघत होता. पृथ्वी गुरूपासून लांब जायला लागली की ग्रहण उशिरा दिसायचं, त्यावरून त्याने ठरवलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला २२ मिनिटं असं त्याने काढलं, खरी १६ मिनिटं ४० सेकंदांच्या जवळ आहेत. आकडा चुकला, पण कसा काढला ते सगळ्यांसमोर होतं म्हणून पुढच्यांना सुधारता आला. सासऱ्यांना आर्यभटाचा तो १०५० योजनांचा व्यास दाखवा, त्याच्या मागे खरं गणित आहे, अभिमान तिथे अगदी रास्त आहे.

हडपसर_१२वी

मास्तर सर एक शंका, लाट आहे म्हणता आणि फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण पण शिकवतात, तर मग दोन फटींच्या प्रयोगात पडद्यावर ते उजेड-अंधाराचे पट्टे फोटॉन एकमेकांना धडकून पडतात का

निवृत्त_मास्तर

नाही रे. १९०९ मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलरने शिवायच्या सुईच्या सावलीचा फोटो काढला, गॅसच्या ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा लावून उजेड इतका मंद केला की सगळ्यात मंद उजेडातल्या फोटोला तीन महिने लागले. एका वेळी पेटीत एखादाच फोटॉन असेल नसेल, धडकायला दुसरा आणायचा कुठून. तरी सुईच्या कडेचे पट्टे जसेच्या तसे. पट्टे गर्दीमुळे पडत नाहीत, एकेका फोटॉनचं पोचणंच लाटेच्या हिशोबाने होतं. याच्या पुढचं बी.एस्सी.ला शिकशील, पण धडकण्याचं चित्र आत्ताच डोक्यातून काढ.

दहावीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, दोघी मिळून तीनदा वाचलं. थर्मामीटरचं उदाहरण तिला लगेच कळलं, तिने वहीत आकृतीखाली "हा रस्ता नाही" असं लाल पेनाने लिहिलंय.

आज संध्याकाळी पापड केले. पहिल्या वेळी डिश खुंटीबरोबर फिरली आणि सगळे पापड सारखे फुलले, दुसऱ्यांदा खाली उलटी वाटी ठेवून जमलं. अंतरं आली ५.५, ६, ६.३ आणि ७ सेंटिमीटर. सरासरी ६.२, दुप्पट १२.४. स्टिकरवर २४५० मेगाहर्ट्झ. तिनेच कागदावर गुणाकार केला, सेकंदाला ३ लाख ४ हजार किलोमीटर! बाबांना ऑफिसात फोन करून सांगितलं तिने.

फक्त सर, मधोमध दोन ठिपके एकमेकांत मिसळून एक लांबट डाग झाला होता, तो आम्ही मोजला नाही. चालेल का?

निवृत्त_मास्तर

चालेल, पण वहीत लिहायला सांगा की तो सोडला आणि का सोडला. उद्या पापड ९० अंशात फिरवून दुसऱ्या दिशेने पण मोजा, पेटीची लांबी-रुंदी वेगळी असते म्हणून आकडे थोडे हलतील.