मदत हवी आहे: जुन्या फायबर बोटीच्या तळाला फोड आलेत, लवकर सांगा

भरतीवेळ
काल बोट वर काढली. पाणरेषेखाली फोडच फोड. नाळेकडे तुरळक, मागच्या बाजूला दाट. दोन-चार टोचले तर पाणी आलं. रंगारी म्हणतो घासू, लांबी (पुट्टी) भरू, रंगाचे दोन हात मारू. पंधरा दिवसांनी क्रेन ठरलेली आहे, तोवर काम उरकायला हवं. कुठली लांबी वापरू तेवढं सांगा, बाकी मी बघतो.

रेझिनवाला
बोट केवढी? कुठल्या सालची? फोड केवढे? आणि मुख्य म्हणजे फोडाचं टोपण उडवल्यावर खाली काय दिसतं? गुळगुळीत, अखंड जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रेझिनचा थर) दिसला तर फोड नुसता जुन्या रंगाच्या थरांत आहे. काचेचे धागे दिसले तर दुखणं आतलं आहे. हे कळल्याशिवाय लांबीचं नाव सांगून उपयोग नाही.

भरतीवेळ
२८ फूट, १९८३ ची. फोड शर्टाच्या बटणाएवढे, काही पेल्याच्या तळाएवढे. खाली काय दिसतं ते नीट पाहिलं नाही. फोटो टाकलेत.

जुना_तांडेल
फोटो पाहिले. घाबरू नकोस. बोटी सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले, पण फोडांमुळे बोट बुडालेली मी एकदाही पाहिली नाही. माझ्या स्वतःच्या बोटीला सत्तर-एक फोड होते. दर वेळी बोट वर काढली की मोठे मोठे उघडायचे, धुवायचे, वाळवायचे, इपॉक्सीची लांबी भरायची. बाकीच्यांना हात लावत नाही. अजून चालते आहे.
फक्त रंगारी गाडीच्या डेंटला लावतात ती पॉलिस्टर लांबी आणेल, ती आणू देऊ नकोस. ती स्वतःच पाणी पिते. पाणरेषेखाली इपॉक्सीच.

वल्हंमारू
अँटिफाउलिंग, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग, कुठलं लावणार? बोट वारंवार चालत असेल तर झिजणारं घ्या, जुन्या थरांचा ढीग साचत नाही. बरेच दिवस उभी राहणार असेल तर निवड बदलते. मी आधी कडक प्रकार वापरायचो, थरावर थर चढून शेवटी पोपडे निघायला लागले.

भरतीवेळ
अँटिफाउलिंगचं मी विचारलंच नाहीये. लांबी सांगा.

मृदुला_के
टोचलं तेव्हा पाणी कसं आलं? ओघळलं की उडालं? हाताला चिकट लागलं का? वास कसला होता?

भरतीवेळ
एक फोड टोचला तेव्हा पिचकारीसारखं गालावर उडालं. बोटांना तेलकट चिकट. वास व्हिनेगरसारखा आंबूस. हे महत्त्वाचं आहे का?

मृदुला_के
फार महत्त्वाचं आहे. सगळ्यात आधी, यापुढे डोळ्यांना बंद चष्मा लावल्याशिवाय एकही फोड टोचू नका. आतलं द्रव दाबाखाली असतं आणि आम्लधर्मी असतं. गालाऐवजी डोळ्यात गेलं असतं तर धावपळ झाली असती. घासताना साधा कापडी मास्कही पुरत नाही, जुन्या अँटिफाउलिंगची धूळ विषारी असते.
आता कारण. शाळेत शिकतो ते परासरणच आहे हे. जेलकोट पूर्ण जलरोधक नसतो, पाण्याचे रेणू हळूहळू त्यातून आत जातात. आत पॉलिस्टर रेझिनमधलं न जुळलेलं ग्लायकॉल, काचेच्या मॅटचे धागे धरून ठेवणारं बाइंडर अशा विरघळणाऱ्या गोष्टी असतात. पाणी रेझिनचे एस्टर बंधही तोडत जातं, त्यातून आम्ल आणि आणखी ग्लायकॉल सुटतं. हे दाट द्रावण जेलकोटमागे अडकलं की ते बाहेरचं पाणी ओढत राहतं आणि दाबाने फोड उठतो. आंबूस वास आणि चिकटपणा म्हणजे तेच. नुसत्या रंगातल्या फोडातून सहसा साधं पाणी निघतं. लिटमसचा निळा कागद लावून बघा, लाल होईल.

रेझिनवाला
ताईंनी बरोबर सांगितलं. म्हणून माझं स्पष्ट मत: असे आंबूस फोड शेकड्याने असतील तर एकेक भरत बसू नये. विजेच्या रंध्याने पाणरेषेखालचा सगळा जेलकोट सोलून काढायचा, खालचं खराब लॅमिनेटही, म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचेचे थर. मग धुणं, वाळवणं, गरज असेल तिथे व्हिनिलइस्टरमध्ये (पाण्याला जास्त टिकणारं रेझिन) काचेची मॅट चढवणं, आणि वर पाणी अडवणारा इपॉक्सीचा अडसर थर. मी साच्यात मॅट बसवायचं काम केलं आहे. रोलर नीट न फिरवता राहिलेले बुडबुडे आणि कोरडी मॅट कुठे असते ते डोळ्यांनी पाहिलं आहे. वरून टिकल्या लावून आतलं सुधारत नाही. १९८०च्या दशकात या फोडांची तक्रार फार गाजली, त्यानंतर कारखाने बाहेरच्या थराला व्हिनिलइस्टर वापरू लागले ते उगाच नाही.

जुना_तांडेल
अरे बाबा, १९८३ च्या बोटीचा जेलकोट सोलायला सांगतोस, ते काम कुणाच्या हातून होणार? रंधा जरा खोल गेला की चांगलं लॅमिनेटही जातं. एका चांगल्या बोटीचा तळ सोलून सोलून लाटांसारखा केलेला मी पाहिला आहे, पुढे दोन हंगाम तो सपाट करण्यात गेले. जेलकोट असतो किती, अर्धा मिलिमीटर.

रेझिनवाला
काका, अर्धवट केलेलं काम परत येतं. तुम्हीच लिहिलंत की दर वेळी उघडता.

जुना_तांडेल
उघडतो, आणि त्या दरम्यान बोट चालवतो. बोट त्यासाठीच असते.

उधाण
मला वाटतं हॅलोजनचे दिवे लावा चोवीस तास, पंधरा दिवसांत खडखडीत वाळेल. मी केलं आहे.

मृदुला_के
दिव्यांनी पाणी जाईल, ग्लायकॉल जाणार नाही. पाणी १०० अंशांना उकळतं, प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ च्या आसपास. ते आत राहिलं तर हवेतला ओलावा ओढतं आणि वर थर चढवला की पुन्हा फोड. ते जातं धुतल्याने. फोड उघडल्यावर गोड्या पाण्याने, जमलं तर गरम पाण्याने, दाबाने धुवायचं, वाळू द्यायचं, परत धुवायचं. असं बऱ्याच वेळा. दिवा फार जवळ आणला तर रेझिन भाजेल ते वेगळं.

भरतीवेळ
आज सकाळी गेलो तर निम्मे फोड दिसतच नाहीत! बाकीचे पण बसलेत. म्हणजे आपोआप बरे होतायत ना? मग मोठे तेवढे भरून रंग लावतो.

रेझिनवाला
नाही, नाही. वर काढल्यावर बोट वाळते तसे फोड बसतात. जागा तीच, खराबी तीच. पाण्यात घातलीत की आठवड्या-महिन्यांत परत उठतील. वर काढल्या काढल्या पेन्सिलने गोल करून ठेवायला हवे होते. आता निदान अंधार पडल्यावर विजेरी तळाला चिकटवून आडवा उजेड टाका, उंचवट्यांच्या सावल्या दिसतील. खूण करा. बाकी ठिकाणी छोट्या हातोडीने टकटक करत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द.

भरतीवेळ
केलं. विजेरीने २१४ मोजले. त्यातले दीडशेहून जास्त मागच्या तिसऱ्या भागात, केबिनच्या मागे. टोपणं उडवून पाहिली: नाळेकडच्या बहुतेकांत खाली अखंड जेलकोट, म्हणजे ते रंगातले. मागच्यांत धागे दिसतात, पांढरट, सुट्टे. लिटमस लाल झाला. सहा ठिकाणी बद्द आवाज.

मृदुला_के
मागेच का? तिथे आतून काय आहे? बिल्ज, म्हणजे आतून तळाशी पाणी साचतं ती जागा, कोरडी असते का?

भरतीवेळ
तिथे पाणी असतं थोडं. डेकच्या झाकणातून पावसाचं पाणी गळतं. आधीच्या मालकाच्या वेळेपासून. माझ्याकडे पाच वर्षं आहे, तेव्हापासून वर काढली नव्हती.

जुना_तांडेल
हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंस. पाच वर्षं तळ बाहेरून भिजतोय, आणि आतून गोडं पाणी. आतल्या बाजूला बहुधा जेलकोट नसतोच, उघडं लॅमिनेट असतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा जास्त आत शिरतं. आता मी माझं म्हणणं थोडं बदलतो. नाळेकडचं घासून रंगव. मागचा भाग मात्र रेझिनवाला म्हणतो तसा सोलावा लागेल. आणि ती गळती आधी बंद कर, नाहीतर सगळं वाया.

रेझिनवाला
काका, एवढ्यावर आपलं जमलं. मागचा भाग सोलल्यावर बद्द आवाजाच्या सहा जागा चांगल्या लॅमिनेटपर्यंत घासायच्या. कडा उभ्या ठेवायच्या नाहीत, खोलीच्या बारापट लांबीचा उतार द्यायचा आणि काच चढवून भरायचं. क्रम लक्षात ठेवा: इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट नीट धरत नाही. म्हणून व्हिनिलइस्टरचं काम आधी, इपॉक्सी शेवटी.
अडसर थर सुकल्यावर २५० ते ३०० मायक्रॉन भरला पाहिजे, म्हणजे साधारण पाच-सहा हात. दोन हात मारून भागत नाही. मधे वेळ गेला तर इपॉक्सीवर मेणासारखा पातळ थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवायचा, मग पॉलिश पेपर. न धुता घासलंत तर तो थर खाली चोळला जातो आणि पुढचा हात सुटतो.

भरतीवेळ
वाळलं हे कसं कळणार? ओलावा मोजायचा मीटर आणू का?

मृदुला_के
एकच आकडा बघून निर्णय घेऊ नका. तांब्याचं अँटिफाउलिंग, मीठ, आतला धातू, सगळं मीटरला फसवतं. पाणरेषेच्या वरची कोरडी जागा आणि खालची जागा यांची तुलना करा, दर आठवड्याला त्याच खुणांवर. शिवाय पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून दमट दिसला तर तळ अजून पाणी सोडतो आहे.

भरतीवेळ
लावला. अठरा तासांत प्लॅस्टिकला आतून बारीक थेंब, कडेला एक ओघळ. नाळेकडे लावलेल्या तुकड्याखाली काहीच नाही. क्रेनवाल्याला फोन करून तारीख रद्द केली. झाकणाचं जुनं रबर काढलं, दाबलं की चुरा होतो. रविवारपासून मागची बाजू सोलायला घेतोय. रंगाऱ्याला थांबवलं आहे.

वल्हंमारू
छान. एक विचारू? तिसऱ्या फोटोत सुकाणूजवळ तळातून जाणारं फिटिंग आहे, त्याची कड गुलाबी दिसते आहे. ते पितळेचं आहे का? पितळेतलं जस्त निघून गेलं की असा तांबूस रंग येतो आणि धातू ठिसूळ होतो. फोडांपेक्षा मला त्याची काळजी वाटते.

भरतीवेळ
आत्ता जाऊन पाहिलं. पान्याने हलकं फिरवलं तर कॉलर हातात तुटून आली, आतून विटेच्या रंगाची. पाच वर्षं मी याच्यावर भरवसा ठेवून झोपलो होतो त्या बोटीत. दुसरं फिटिंगही तसंच दिसतंय, त्याचा फोटो टाकतो, कृपया बघा.