घरचा वायफाय प्रिंटर: शाई, टोनर आणि राउटर

महिन्याला मोजकीच पाने छापायची असल्यास इंक टँक (टाकीत द्रव शाई भरायचा प्रिंटर) घ्यावा की लेझर, आणि नव्या प्रिंटरला घरचे वायफाय सापडतच नसेल तर काय करावे, असे दोन प्रश्न इथे आहेत. पहिल्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. छपाई मुख्यतः काळ्या मजकुराची आणि तीही कधीमधीच होणार असेल, तर साधा मोनो, म्हणजे फक्त काळ्या रंगात छापणारा, लेझर घ्यावा. कारण लेझरमधला टोनर ही कोरडी भुकटी असल्याने ती वाळण्याचा प्रश्न येत नाही, उलट इंक टँक आठवडेच्या आठवडे बंद राहिला की हेडच्या (कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या) सूक्ष्म छिद्रांत शाई सुकते आणि ती छिद्रे मोकळी करताना पुन्हा शाईच खर्च होते. रंगीत छपाई नियमित लागत असेल तर मात्र इंक टँकच परवडतो.

दुसऱ्या अडचणीचे मूळ बहुधा राउटरच्या सेटिंगमध्ये असते. अनेक घरगुती प्रिंटर केवळ वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर (वारंवारता पट्ट्यावर) चालतात, त्यामुळे तो राउटरवर सुरू आहे ना, हे आधी पाहावे. प्रिंटर गेस्ट नेटवर्कला (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला) जोडू नये. तिथे उपकरणे सहसा एकमेकांना दिसत नाहीत. जोडणी झाल्यावर राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) राखून ठेवावा, म्हणजे वीज जाऊन आल्यानंतर पत्ता बदलल्यामुळे लॅपटॉपवर तो ‘ऑफलाइन’ दिसण्याचा त्रास टळतो.