रेव्हिटमध्ये स्वतःचे पॅरामीटर: शेअर्ड घेऊ की प्रोजेक्ट? आधीच्यांनी करून ठेवलेला घोळ पण निस्तरायचाय

मोजपट्टी
मंडळी, आमचं ऑफिस छोटं, पुण्यात, बहुतेक कामं हाउसिंगची. सध्या दोन विंगचं एक रेव्हिट (बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) मॉडेल माझ्या गळ्यात पडलंय, आधी बाहेरच्या एका एजन्सीने केलेलं. क्लायंटच्या पीएमसीने (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) यादी पाठवलीय की प्रत्येक दरवाजाला फ्लॅट नंबर, विंग, हार्डवेअर सेट, फायर रेटिंग आणि अ‍ॅसेट कोड पाहिजे, शेड्यूलमध्ये (मॉडेलमधून निघणारा तक्ता) पण, टॅगमध्ये (ड्रॉइंगवरचं लेबल) पण आणि शेवटी आयएफसीत (दुसऱ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी मॉडेल फाइल) पण. मॉडेल उघडून बघतो तर फ्लॅट नंबरचेच तीन पॅरामीटर (माहितीचे रकाने). एकात अंडरस्कोअर आहे, बाकीचे दोन अक्षरशः एकाच नावाचे, शेड्यूलच्या फील्ड लिस्टमध्ये एकाखाली एक बसलेत. अर्ध्या दरवाजांची व्हॅल्यू एकात, अर्ध्यांची दुसऱ्यात. त्यात टिपिकल फ्लोअरचे सगळे ग्रुप केलेले, एका मजल्यावर १०१ टाकलं की सगळ्या मजल्यांवर १०१.
प्रश्न असे की नवीन पॅरामीटर शेअर्ड करू का प्रोजेक्ट, फॅमिलीत (दरवाजाच्या तयार नमुन्याच्या फाइलीत) टाकू का बाहेरून, आणि जुन्या व्हॅल्यू हाताने परत न भरता नव्यात कशा आणू? एक्सेलला नेऊन आणायचं कुणी सांगतंय, पण रेव्हिट शेड्यूल बाहेर काढू देतो, परत आत घेत नाही ना.

कॉलमखाली
शेअर्ड. टॅग पाहिजे म्हणालात तिथेच विषय संपला, साधा प्रोजेक्ट पॅरामीटर शेड्यूलमध्ये येतो पण टॅगमध्ये येत नाही.

दुबईतला_ड्राफ्ट्समन
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय पण ते का ते कळलं की तुमचे तीन पॅरामीटर पण सुटतील म्हणून जरा लांबण लावतो. शेअर्ड पॅरामीटर म्हणजे बाहेर एक साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून बघा, वरच लिहिलंय की हाताने बदलू नका. आत प्रत्येक पॅरामीटरची एक ओळ, टॅबने तोडलेली, आधी जीयूआयडी (ज्याचा त्याचा वेगळा ओळख क्रमांक), मग नाव, मग डेटा टाइप, मग ग्रुप वगैरे. रेव्हिट पॅरामीटरला ओळखतो तो त्या जीयूआयडीने, नाव नुसतं आपल्याला दिसायला. आता कुणाला फाइल सापडली नाही, त्याने नवीन फाइल केली आणि त्यात तेच नाव टाइप केलं, की जीयूआयडी वेगळा झाला. रेव्हिटच्या लेखी ते दोन वेगळे पॅरामीटर, तुमच्या लेखी एक. तुमच्या मॉडेलमध्ये नेमकं हेच झालेलं दिसतंय. एकतर दोन फाइलींतून आलेत, नाहीतर एक शेअर्ड आणि एक साधा प्रोजेक्टचा आहे. मॅनेज टॅबमध्ये प्रोजेक्ट पॅरामीटर्स उघडून एकेकावर मॉडिफाय करून बघा, कुठला काय ते तिथे कळतं.
म्हणून फाइल एकच, सर्व्हरवर, सगळ्यांना वाचायला खुली, लिहायचा हक्क एका माणसाला. हे जर आज केलं नाही तर पुढच्या प्रोजेक्टला चौथा फ्लॅट नंबर जन्माला येणार हे लिहून घ्या.
आणि नाव आणि डेटा टाइप आधी कागदावर नक्की करा, शेअर्ड एकदा तयार झाला की दोन्ही बदलता येत नाही. नावात वजाबाकीची खूण, भागाकाराची तिरकी रेघ असलं काही घालू नका, उद्या फॉर्म्युल्यात घेतलं की रेव्हिट त्याला खरंच वजाबाकी समजतो.

मोजपट्टी
दादा जबरदस्त. म्हणजे विंग, फ्लॅट, हार्डवेअर सेट, अ‍ॅसेट कोड, फायर रेटिंग, पाच शेअर्ड. आता ते फॅमिलीत घालू का? दरवाजाच्या फॅमिली बऱ्याच आहेत आणि काही डाउनलोड केलेल्या.

भिंतदार
फॅमिलीतच घाला. फॅमिली उचलून दुसऱ्या प्रोजेक्टला नेली की डेटा पण सोबत जातो, परत परत सेट करायला नको.

दुबईतला_ड्राफ्ट्समन
इथे माझं जमत नाही भिंतदार भाऊ. फ्लॅट नंबर दुसऱ्या प्रोजेक्टला नेऊन काय करणार? ज्या पॅरामीटरवर भूमिती चालते, म्हणजे शटरची जाडी, फ्रेमची रुंदी, किंवा जी माहिती त्या दरवाजाच्या जातीलाच चिकटलेली आहे, ती फॅमिलीत. विंग, फ्लॅट, अ‍ॅसेट कोड हे जागेवरून ठरतं, ते प्रोजेक्टमधूनच लावा: प्रोजेक्ट पॅरामीटर, अ‍ॅड, वर शेअर्ड निवडायचं, फाइलमधून पॅरामीटर उचलायचा, इन्स्टन्स (म्हणजे प्रत्येक दरवाजाची व्हॅल्यू वेगळी), कॅटेगरी डोअर्स. एका फटक्यात सगळ्या दरवाजांना लागतो, डाउनलोड केलेल्यांना पण, एकही फॅमिली उघडावी लागत नाही. टॅगच्या फॅमिलीत लेबलला मात्र त्याच फाइलमधला तोच पॅरामीटर घ्यायचा, नाहीतर टॅग रिकामा दिसणार आणि तुम्ही दिवसभर शोधत बसणार.
उद्या भिंतींना काही लावायचं झालं तर तसंही प्रोजेक्टमधूनच लावावं लागेल, भिंतीला फॅमिली एडिटर नाहीच.

भिंतदार
मान्य. पण हार्डवेअर सेट?

दुबईतला_ड्राफ्ट्समन
तो टाइपला (त्या जातीच्या सगळ्या दरवाजांना मिळून एकच) ठेवता येतो जर एका टाइपला कायम एकच सेट असेल. हाउसिंगमध्ये असतो बहुतेक वेळा, मेन डोअरला एक, टॉयलेटला एक. हॉस्पिटल किंवा हॉटेल असतं तर इन्स्टन्स म्हणालो असतो.

सहावी_सूट
फायर रेटिंग नवीन करूच नका! दरवाजाला रेव्हिटचा स्वतःचा फायर रेटिंग आधीपासून आहे, टाइप प्रॉपर्टीजमध्ये. आयएफसीच्या दरवाजाच्या कॉमन प्रॉपर्टी सेटमध्ये (माहितीच्या ठरलेल्या गटात) पण फायररेटिंगला ठरलेली जागा आहे. तुम्ही आपला वेगळा केलात की एकात १२० मिनिटं आणि दुसरा रिकामा, आणि पीएमसीचा चेकर नेमका रिकामाच वाचणार. आधी जे आयतं आहे ते बघायचं आणि मग उरेल तेवढंच नवीन करायचं. लोक कॉमेंट्स आणि मार्क सोडून बाकी सगळं परत नव्याने बनवतात, वैताग येतो.

नागपूरकर_बिम
ग्रुपचं कुणीच बोललं नाही अजून, खरं दुखणं तिथे आहे. पॅरामीटर लावताना इन्स्टन्सच्या खाली दोन बटणं असतात, व्हॅल्यू ग्रुप टाइपप्रमाणे सारखी राहील की प्रत्येक ग्रुप इन्स्टन्सला वेगळी चालेल. पहिलं निवडलेलं असलं की पहिल्या मजल्यावर १०१ टाकलं तर सातव्या मजल्यावरच्या त्याच दरवाजाला पण १०१ लागतं, तुमच्याकडे तेच चाललंय. दुसरं निवडा. हा पर्याय टेक्स्टला मिळतो, लांबीसारख्याला मिळत नाही, म्हणून फ्लॅट नंबर आणि अ‍ॅसेट कोड दोन्ही टेक्स्टच ठेवा. तसंही अ‍ॅसेट कोड नंबर टाइपचा केला तर ००७ चा ७ होतो. एक्सेल पण तीच चोरी करतं, तो कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅट करून मगच व्हॅल्यू टाका.
एकदा 'वेगळी चालेल' करून व्हॅल्यू भरल्यावर परत 'सारखी' करू नका. भरलेलं जाईल.

मोजपट्टी
हे बटण आत्ता बघितलं, तिन्ही पॅरामीटरला 'सारखी' वरच आहे. शाब्बास. बरं आता जुनं नव्यात कसं नेऊ?

कॉलमखाली
डायनॅमो, म्हणजे रेव्हिटमध्ये नोड (ठोकळे) जोडून स्क्रिप्ट करायचं साधन. कॅटेगरी डोअर्स घ्या, त्यातले सगळे एलिमेंट, गेट पॅरामीटर व्हॅल्यू बाय नेम, सेट पॅरामीटर बाय नेम. चार नोड.

नागपूरकर_बिम
चार नोड खरंय पण थांबा, त्यांच्याकडे दोन पॅरामीटर एकाच नावाचे आहेत, नावाने मागितलं तर डायनॅमो त्यातला कुठला देईल ते सांगता येत नाही. आधी वेगळे करा. जो साधा प्रोजेक्टचा आहे त्याचं नाव बदलता येतं, त्याला 'जुना फ्लॅट' असं काहीतरी करून टाका. दोन्ही शेअर्ड निघाले तर नाव बदलणार नाही, मग डायनॅमोतच पायथन नोड घेऊन जीयूआयडीने पॅरामीटर मागायचा, दोनतीन ओळींचं काम आहे. पायथन नको असेल तर दुसरा मार्ग, एका शेड्यूलमध्ये दोन्ही कॉलम शेजारी लावा, एक रिकामा आणि दुसरा भरलेला असं सॉर्ट करा आणि बघा किती उरतात, थोडेच असतील तर हाताने उरकतं.
आधी डिटॅच करून (मूळ मॉडेलपासून तोडून) कॉपीवर चालवा. आणि जुना पॅरामीटर लगेच डिलीट करू नका, डिलीट केला की त्यातल्या सगळ्या व्हॅल्यू गेल्या. नवीन कॉलम पूर्ण भरलाय हे डोळ्यांनी बघा, सिंक करा, मगच उडवा.

सहावी_सूट
भरलंय का बघायला व्ह्यू फिल्टर लावा. डोअर्स, रूल 'व्हॅल्यू नाही', रंग लाल. प्लॅन उघडला की राहिलेले दरवाजे लाल दिसतात, शेड्यूल खालीवर करत बसण्यापेक्षा बरं, साइटवरच्या माणसाला पण दाखवता येतं. फक्त एक, व्हॅल्यू टाकून खोडली की ती 'रिकामी टेक्स्ट' राहते, 'व्हॅल्यू नाही' मध्ये ती धरली जाईलच असं नाही, त्यासाठी दुसरा रूल 'बरोबर काहीच नाही' असा टाकावा लागतो.

पोर्ट्रेट_प्लॅन
मी आर्किकॅडवाली (रेव्हिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर), गर्दीत घुसते. आमच्याकडे प्रॉपर्टी मॅनेजर आहे, प्रॉपर्टी क्लासिफिकेशनला बांधायची, एक्स्प्रेशन पण लिहिता येतं, म्हणजे विंग आणि फ्लॅट जोडून अ‍ॅसेट कोड आपोआप तयार होतो. रेव्हिटमध्ये असं जोडता येत नाही का?

दुबईतला_ड्राफ्ट्समन
ताई, फॅमिलीच्या फॉर्म्युल्यात टेक्स्टला टेक्स्ट जोडता येत नाही, हे रेव्हिटचं जुनं दुखणं. शेड्यूलमध्ये कंबाइन पॅरामीटर्स आहे, २०१७ पासून, पण ते शेड्यूलपुरतंच दिसतं, दरवाजावर जाऊन बसत नाही, मग टॅगला पण नाही आणि आयएफसीला दरवाजाची प्रॉपर्टी म्हणून पण नाही. अ‍ॅसेट कोड खरोखर लिहायचा तर परत डायनॅमोच.
फ्लॅट नंबरचं पण तसंच. दरवाजाच्या शेड्यूलमध्ये टू रूम, फ्रॉम रूम करून रूमची माहिती आणता येते, रूमला लावलेले आपले पॅरामीटर पण दिसतात, दिसायला झकास. पण ती माहिती रूमची, दरवाजाची नाही. रूमवरून वाचून दरवाजावर लिहिणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा, मेन डोअरला मात्र हाताने बघा कारण तिथे एका बाजूला लॉबी असते आणि दरवाजा कुठल्या बाजूने ठेवलाय त्यावर टू आणि फ्रॉम उलटतं.

मोजपट्टी
रूमवरून आठवलं, साहेब म्हणतात रूमला 'रेरा कार्पेट' नावाचा पॅरामीटर लाव आणि फ्लॅटप्रमाणे बेरीज काढ. चालेल?

सहावी_सूट
बेरीज चुकणार. रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट आणि त्या फ्लॅटची बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची धरत नाहीत. रेव्हिटची रूम भिंतीच्या फिनिशपाशी थांबते, म्हणजे आतल्या भिंती तुमच्या बेरजेतून गळतात. एरिया प्लॅन काढा, रेरासाठी वेगळी एरिया स्कीम, फ्लॅटभोवती बाउंडरी, आणि तोच शेअर्ड फ्लॅट नंबर एरियाज कॅटेगरीला पण लावा. तोच, नवीन नाही! मग दरवाजाचं शेड्यूल आणि एरियाचं शेड्यूल एकाच फ्लॅट नंबरवर जुळतं. एकदा हे बसलं की साहेबांना पॅरामीटर दाखवायची गरज पण पडत नाही, आकडाच बोलतो.

मोजपट्टी
हे साहेबांना प्रिंट काढून देतो. शेवटचा, आयएफसीत पाठवायचं कसं? एक्स्पोर्टच्या खिडकीत रेव्हिट प्रॉपर्टी सेट असा चौकोन आहे तो टिक केला तर सगळं जातं, पण फाइल फुगते आणि पीएमसी म्हणतं आमचा सेट वेगळा पाहिजे.

दुबईतला_ड्राफ्ट्समन
तो टिक काढा. त्याच पानावर यूजर डिफाइन्ड प्रॉपर्टी सेट्स आहे, त्याला एक टेक्स्ट फाइल द्यायची. पहिल्या ओळीत प्रॉपर्टीसेट आणि कोलन, टॅब, सेटचं नाव, टॅब, इन्स्टन्ससाठी आय किंवा टाइपसाठी टी, टॅब, आयएफसीडोअर. खालच्या प्रत्येक ओळीची सुरुवात टॅबने, मग आयएफसीत दिसायचं नाव, टॅब, डेटा टाइप म्हणजे टेक्स्ट, टॅब, रेव्हिटमधल्या पॅरामीटरचं नाव जसंच्या तसं. टॅबच्या जागी स्पेस पडली की ती ओळ येत नाही आणि रेव्हिट एका शब्दाने सांगत नाही. हार्डवेअर सेट टाइपला ठेवलात तर त्याच्यासाठी टी वाला वेगळा सेट लिहा.
सेटचं नाव पीसेट अंडरस्कोअरने सुरू करू नका, ते बिल्डिंगस्मार्टच्या (आयएफसी ठरवणारी संस्था) ठरलेल्या सेटसाठी राखलेलं आहे. पीएमसीचं किंवा तुमच्या ऑफिसचं छोटं नाव पुढे लावा.

भिंतदार
टेक्स्ट फाइल नको असेल तर शेड्यूलच प्रॉपर्टी सेट म्हणून पाठवता येतं, तिथेच खाली चौकोन आहे. पण मग मॉडेलमधली सगळीच शेड्यूल जातात, म्हणून त्याखालचा दुसरा चौकोन पण टिक करायचा, नावात आयएफसी, पीसेट किंवा कॉमन असलेलीच फक्त जातील असा.

पोर्ट्रेट_प्लॅन
आणि पाठवायच्या आधी बॉन्साय किंवा बिमव्हिजन या आयएफसी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक मेन डोअर, एक टॉयलेटचा दरवाजा क्लिक करून बघा, दोन्ही फुकट आहेत. पॅरामीटरची नावं मराठीत ठेवायचा मोह झाला असेल तर रेव्हिट घेतो, आयएफसीच्या आत ती अक्षरं कोडमध्ये जातात आणि चांगला व्ह्यूअर परत देवनागरी दाखवतो, पण पीएमसीचा एक्सेलवाला काय दाखवेल याची हमी नाही. व्हॅल्यू मराठीत चालून जाईल, नावं इंग्रजीच ठेवा.

मोजपट्टी
डिटॅच कॉपी काढलीय. दोन्ही शेअर्डच निघाले राव.

नागपूरकर_बिम
मग पायथन नोड. दोन्ही जीयूआयडी लागतील, ते मूळ टेक्स्ट फाइलींत मिळतात. एजन्सीकडून फाइल नाही मिळाली तरी अडत नाही: शेअर्ड पॅरामीटरच्या एलिमेंटकडेच जीयूआयडी असतो, रेव्हिट लुकअप नावाचं फुकट अ‍ॅड-इन टाका, एक दरवाजा निवडा आणि त्याच्या पॅरामीटर्समध्ये जाऊन दोन्ही कॉपी करून घ्या. ते इथे टाका, ओळी मी लिहून देतो.