शब्दचर्चा : यानोमामी 'थेरी' आणि आपलं '-कर'

प्रश्न : ॲमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'बिसासी-तेरी', 'पातानोवा-तेरी' अशी नावं सारखी येतात. पहिल्या खर्ड्यात मी 'तेरी' हे आडनाव समजले होते. ते काय आहे? शिवाय व्हेनेझुएलातल्या लेखनात हा शब्द रोमन 'टी'ने सुरू होतो, ब्राझीलमधल्या लेखनात 'टी'पुढे 'एच' असतो. मराठीत 'त' लिहू की 'थ'?

उत्तर : ताई, 'थ' लिहा, बिनधास्त. यानोमामीत त आणि थ हे दोन वेगळे वर्ण आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. रोमन लिपीत त्यासाठी जादा अक्षर जोडावं लागतं, म्हणून काहींनी ते गाळलं. आपल्याकडे दोन्ही अक्षरं तयार असताना तो भेद का हरवायचा? उलट ग, द, ब हे घोष स्पर्श तिथे स्वतंत्र वर्ण नाहीत. तेव्हा एखाद्या नावात ते दिसले, तर मूळ लेखन एकदा तपासून घ्या.

अर्थ म्हणाल तर 'थेरी' म्हणजे अमुक ठिकाणी राहणारे. आपला '-कर'च. ब्राझीलमध्ये देमिनी भागात वातोरिकी हे गाव आहे, 'वाऱ्याचा डोंगर'. यानोमामींचे नेते दावी कोपेनावा तिथलेच. तिथली माणसं ती वातोरिकी-थेरी, म्हणजे वातोरिकीकर. आणि साम्य इथेच संपत नाही. हे लोक मळे आणि वस्ती हलवत राहतात, पण जुन्या जागेचं नाव कितीदा तरी गटाला चिकटून राहतं. सातारा सोडून चार पिढ्या झाल्या तरी घराण्याचं नाव सातारकरच असतं, तसं. फरक एवढाच की 'थेरी' आडनाव म्हणून वंशातून उतरत नाही. ते एकत्र राहणाऱ्या गटाचं नाव असतं. म्हणून लेखात पहिल्यांदा 'वातोरिकी-थेरी, म्हणजे वातोरिकीचे रहिवासी' असं लिहून पुढे मूळ रूप ठेवावं.

दुसरे वाचक : पूर्वेकडच्या बोलींमध्ये हाच शब्द 'थरी'च्या जवळ ऐकू येतो ना? आणि परक्या माणसासाठीचा शब्द कुठे 'नापे' लिहितात, कुठे 'नापा'. खरा कोणता?

उत्तर : हो, 'थरी'ही आहे. ही एक भाषा नव्हे, कुटुंब आहे. ब्राझील-व्हेनेझुएला सीमेवरच्या या कुटुंबात सानुमा, निनाम अशा सहा भाषा मोजतात, आणि जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषाकुळाशी त्यांचं नातं सिद्ध झालेलं नाही.

'नापे' आणि 'नापा' दोन्ही चुकीचे. शेवटचा स्वर आपल्या 'घर'मधल्या घ-तला अ आहे. रोमनमध्ये 'ई'वर दोन टिंबं देतात, म्हणून लोक 'ए' वाचतात. आता 'नाप' लिहिलं तर मराठी माणूस शेवटचा अ गिळणार. मला आधी 'नापं' सुचलं होतं, 'केलं', 'घरं'मध्ये आपण अगदी तोच स्वर लांबवून म्हणतो. पण यानोमामीत खरे नाकातले स्वर आहेत, कोकणीतल्या 'हांव'सारखे. सातही तोंडी स्वरांना अनुनासिक जोडीदार आहे आणि नाकातला सूर शब्दात पुढेमागे पसरतो. तिथे अनुस्वार दिला की वाचक भलताच उच्चार करेल. म्हणून 'नापअ' लिहावं. दिसायला ओबडधोबड, पण खोटं नाही.

सातवा स्वर मात्र आपल्या लिपीत नाही. इ म्हणताना जीभ मागे ओढा, ओठ पसरलेलेच ठेवा, तो. 'यानोमामी'च्या शेवटी पश्चिमेकडे हाच स्वर आहे. तिथे 'ई' लिहिणं ही तडजोड आहे आणि ती मान्य करावी.

अर्थाकडे याल तर 'नापअ' म्हणजे परका, आणि शत्रूसुद्धा. आज मुख्यतः गोऱ्या, बाहेरून आलेल्या माणसाला म्हणतात. त्याला 'होणे' दाखवणारा प्रत्यय लागून 'नापअप्रोउ' होतं, परक्यासारखं होणं. कपडे, शाळा, पोर्तुगीज किंवा स्पॅनिश बोलणं, हे सारं त्यात येतं. 'पाहुणा' हे भाषांतर मला अजिबात पटत नाही. सोन्यासाठी घुसलेल्यांनी यांच्या नद्यांत पारा सोडलाय.

प्रश्नकर्ती : अनेकवचनी 'नापअपअ' दिसतं. ते मराठीत तसंच ठेवू?

उत्तर : नको. शेवटचा 'पअ' अनेकवचनाचा आहे. 'नापअपअ लोक' म्हणजे दोनदा अनेकवचन. 'शापिरी' या आत्म्यांच्या शब्दाचंही तसंच, 'शापिरीपअ' न लिहिता 'शापिरी' पुरे. द्विवचनाला तिथे वेगळं चिन्ह आहे, त्यामुळे मूळ वाक्यात दोघंच असतील तर 'दोघे' आवर्जून लिहा.

व्याकरणात तुम्हाला एक ओळखीची खूणही भेटेल. सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला न-चा प्रत्यय लागतो, आणि साधनालाही तोच. 'रामाने कापलं', 'कोयत्याने कापलं', दोन्हीकडे 'ने', अगदी तसं. आपल्याकडे कर्त्याचा 'ने' मुख्यतः पूर्ण झालेल्या क्रियेसाठी राखीव आहे. तिथे काळाची ती अट नाही. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. आम्ही आणि आपण हा भेदही आहे, इंग्रजी भाषांतरात तो पुसला जातो. तुमच्या लेखात कोपेनावांचं बोलणं असेल तर 'आम्ही' लिहायचं की 'आपण', हे मूळ यानोमामी रूप पाहूनच ठरवा. परक्यांशी बोलताना ते बहुधा 'आम्ही'च असेल.