शब्दचर्चा : विश्व अनंत, असीम, अथांग की अमाप?

पानगळ :
एका विज्ञानलेखाचं संपादन करायचं आहे. एकाच परिच्छेदात विश्वाला 'अनंत', 'असीम', 'अमर्याद' आणि 'अथांग' अशी चार विशेषणं लावली आहेत. तोच शब्द पुन्हा नको, एवढंच कारण दिसतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? शिवाय उलट अर्थाला 'सांत' लिहिलं की वाचणारा हमखास 'शांत' वाचतो. त्यालाही पर्याय सुचवा.

कोशकिडा :
कवितेत चालतील, या लेखात नाही. हे तीन वेगळे गट आहेत.

अमाप, अगणित, असंख्य, अथांग हे शब्द मोजणाऱ्याबद्दल सांगतात, वस्तूबद्दल नाही. थांग म्हणजे पाण्याच्या खोलीचा ठाव. अथांग म्हणजे तळ हाती लागला नाही. तळ नाहीच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. प्रशांत महासागर अथांगच, पण मारियाना गर्तेत तोही सुमारे 11 किमीवर संपतो. अमाप पीकही शेवटी काट्यावर चढतंच.

असीम, अमर्याद, निःसीम हे कडेबद्दल बोलतात. गावाची शीव ती हीच सीमा. यातला 'निःसीम' मराठीत भक्ती आणि प्रेमाला इतका चिकटलाय, की विश्वाला लावला तर वाक्य कीर्तनात जातं.

उरला 'अनंत'. त्यातला 'अंत' मराठीत दोन कामं करतो. 'या रानाला अंतच नाही' यात तो जागेचा, 'अंतकाळ' मध्ये काळाचा. म्हणून नुसतं 'अनंत विश्व' लिहिलं तर ते कुठवर पसरलंय याबद्दल बोलताय की किती काळ टिकेल याबद्दल, हे कळत नाही. 'विस्ताराने अनंत' किंवा 'काळाने अनंत' असं फोडून लिहावं. सुरुवातच नाही असं म्हणायचं असेल तर 'अनादि' आहेच. बोंडी, गोल्ड आणि हॉइल यांनी 1948 मध्ये मांडलेल्या आणि पुढे हॉइलसोबत जयंत नारळीकरांनी ज्यावर काम केलं त्या स्थिर स्थिती सिद्धांतातलं (विश्व प्रसरण पावतं, तरी एकूण कायम सारखंच दिसतं असं मानणारा सिद्धांत) विश्व अनादिही आहे आणि काळाने अनंतही. महास्फोटाच्या चित्रात ते अनादि नाही, पण विस्ताराने अनंत असू शकतं.

आणि रोजच्या बोलण्यात अनंत म्हणजे फक्त 'पुष्कळ' : अनंत अडचणी, अनंत उपकार. हा अर्थ चुकीचा नाही, फक्त या लेखात तो शिरू देऊ नका.

त्रिज्या :
असीम आणि अनंत यांच्यातला फरक हाच खरा मुद्दा आहे. दोन-सहाच्या बांगडीवर आतून बोट फिरवत राहा, टोक कधीच येणार नाही. तरी तिचा आतला घेर जेमतेम 19 सेंमी. एक मिती वाढवली की पृथ्वीचा पृष्ठभाग : क्षेत्रफळ सुमारे 51 कोटी चौरस किमी, कड कुठेच नाही. आणखी एक मिती वाढवणं डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण समीकरणात सहज जमतं. आइन्स्टाइनचं 1917 चं विश्व असंच होतं : घनफळ ठरावीक, सीमा नाही.

म्हणजे 'विश्व असीम आहे' हे वाक्य आजच्या सर्व प्रमुख प्रतिमानांत (मॉडेलांत) खरं ठरतं. 'विश्व अनंत आहे' याचा निकाल लागलेला नाही. लेखकाने पुनरुक्ती टाळण्यासाठी एक ठाम विधान आणि एक उघडा प्रश्न एकाच पारड्यात टाकलाय.

दुर्बीण :
निकाल लावायची रीत काय?

त्रिज्या :
अवकाशाची वक्रता मोजायची. महास्फोटानंतर सुमारे 3.8 लाख वर्षांनी निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या दिशांनी येतो. त्याच्या तापमानात बारीक चढउतार आहेत. ध्वनिलहरींना तोवर जेवढं अंतर कापता आलं, तेवढ्या मापाचे डाग त्यात उठून दिसतात. डागाची खरी लांबी गणिताने माहीत, तो किती दूर आहे तेही माहीत. दोन्हींवरून एक अवाढव्य त्रिकोण तयार होतो. अवकाश सपाट असेल तर डाग आकाशात साधारण 1 अंशाचा दिसावा. गोलासारखं बंद असेल तर मोठा, खोगिरासारखं उघडं असेल तर लहान. तो जवळजवळ सपाटाच्या मापाचा निघतो.

आकड्यात : या सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या 2018 च्या विश्लेषणात, दीर्घिकांच्या वितरणाची मोजणी जोडून, वक्रतेचा वाटा 0.0007 आणि त्रुटी ±0.0019 असा आला. या संकेतात ऋण आकडा म्हणजे बंद विश्व. दुप्पट त्रुटी वजा केली की −0.0031. चिन्ह सोडून वर्गमूळ 0.056. हबल अंतर (प्रकाशाचा वेग भागिले विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर) सुमारे 14.4 अब्ज प्रकाशवर्षं, त्याला 0.056 ने भागा. सुमारे 257 अब्ज प्रकाशवर्षं येतात. म्हणजे विश्व बंद असलंच, तर त्याची वक्रता-त्रिज्या (ज्या गोलासारखं ते वळलेलं असेल त्याची त्रिज्या) साधारण अडीचशे अब्ज प्रकाशवर्षांहून कमी असण्याची शक्यता फार थोडी. नुसता प्लँकचा विदा (मोजणीची आकडेवारी) घेतला तर आकडा बंद बाजूला झुकतो आणि त्यावर वादही झाला आहे, म्हणून कोणता विदा जोडला हे लिहिल्याशिवाय आकडा छापू नये.

यातली खरी अडचण वेगळीच. मोजमापाला त्रुटी असणारच, ती कधी शून्य होत नाही. उद्या वक्रता निश्चितपणे धन किंवा ऋण निघू शकते, पण 'बरोब्बर शून्य' असं कोणतंच उपकरण सांगणार नाही. आणि सपाट निघालं तरी अनंत ठरत नाही. डावीकडून बाहेर पडावं आणि उजवीकडून आत यावं अशी रचना सपाट असूनही सांत असते. तशी रचना पुरेशी लहान असती तर आकाशात दोन ठिकाणी एकसारखी तापमान-वर्तुळं दिसली असती. ती शोधली गेली, सापडली नाहीत. त्यातून आकाराची खालची मर्यादा मिळते, अनंतत्व मिळत नाही.

शेषफळ :
शाळेच्या परिभाषेतले दोन खड्डे सांगून ठेवतो. नववीच्या गणितात 'सांत संच' आणि 'अनंत संच' आहेत, ते ठीक. पण 'अपरिमेय' आणि 'अपरिमित' यांची छापील अदलाबदल फार होते. √2 अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात बसत नाही. पण ती 1.41 आणि 1.42 यांच्यामध्ये निवांत बसलेली छोटी संख्या आहे. अपरिमित म्हणजे ज्याच्या मोठेपणाला मर्यादा नाही ते.

दुसरा खड्डा 'अगणित' आणि 'अगणनीय'. 1, 2, 3… या संख्या अनंत आहेत तरी गणनीय आहेत, कारण प्रत्येकीला रांगेत ठरलेली जागा आहे. 0 ते 1 मधल्या सगळ्या दशांश संख्या मात्र अगणनीय. कॅन्टरने 1891 मध्ये दिलेली युक्ती अशी : समजा त्या सगळ्यांची यादी केली. पहिल्या संख्येचा पहिला अंक बदला, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं करत नवी संख्या लिहा (बदलताना 0 आणि 9 टाळा, नाहीतर 0.4999… आणि 0.5 हे एकच असल्याने युक्तिवाद फसतो). ही संख्या यादीतल्या प्रत्येकीपेक्षा निदान एका अंकाने वेगळी, म्हणजे यादी अपुरीच. तेव्हा 'अनंत म्हणजे अनंत, त्यात लहानमोठं काय' हे वाक्य लेखात असेल तर काढा.

पानगळ :
भास्कराचार्यांचा 'खहर' वापरला तर? अस्सल शब्द आहे, आणि 'शांत'चा गोंधळही नाही.

शेषफळ :
इतिहास सांगताना जरूर वापरा, अनंताला पर्याय म्हणून नको. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. 3 भागिले 0 हा खहर राशी. बीजगणितात (1150) भास्कराचार्य त्याला अनंत राशी म्हणतात आणि सुंदर दाखला देतात : प्रलयकाळी आणि सृष्टिकाळी कितीही जीव आत गेले वा बाहेर आले तरी अनंत अच्युतात जसा फरक पडत नाही, तसं या राशीत काही मिळवलं वा वजा केलं तरी विकार होत नाही. मिळवण्याबद्दलचं निरीक्षण आजही टिकतं. भागाकार टिकत नाही. 3/0 आणि 5/0 दोन्ही एकच मानले आणि दोन्हीकडे शून्याने गुणून छेद उडवला, तर 3 = 5. शिवाय 3 ला 0.1, 0.01, 0.001 ने भागत गेलं तर 30, 300, 3000, पण −0.1, −0.01 ने भागलं तर −30, −300. दोन्ही वाटा शून्याकडेच जातात आणि उत्तरं विरुद्ध टोकांना पळतात. म्हणून आज शून्याने भागाकार अव्याख्यात धरतात.

त्याच दमात 'पूर्णमदः पूर्णमिदम्' कुणी आणेल. तिथे पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्ण उरतं. गणितात अनंतातून अनंत वजा केल्यावर काय उरेल ते ठरलेलं नसतं. सगळ्या संख्यांतून सम काढल्या तर अनंत उरतात. 10 पेक्षा मोठ्या सगळ्या काढल्या तर 10 उरतात.

दुर्बीण :
'ब्रह्मांड' राहिलं. तो शब्द मुळातच सांत आहे, अंड्याला कवच असतं. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात ब्रह्मांडाचा परीघ चक्क दिलाय : 18,71,20,80,86,40,00,000 योजने (योजन हे अंतराचं जुनं माप). हा आकडा हवेतून आलेला नाही. चंद्रकक्षेचा परीघ 3,24,000 योजने, आणि एका कल्पात (जुन्या कालगणनेतलं प्रचंड मोठं एकक) चंद्राच्या 57,75,33,36,000 फेऱ्या. गुणून पाहा, तंतोतंत येतो. म्हणजे हे एका कल्पात कापलं जाणारं अंतर आहे. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत जवळपास हीच संख्या घेतली आणि वर म्हटलं, 'ब्रह्माण्डमेतन्मितमस्तु नो वा' : ब्रह्मांड एवढं असो वा नसो, कल्पात ग्रह जेवढी योजने चालतो त्याला खकक्षा म्हणायचं (इथे ख म्हणजे आकाश).

विश्व खरोखर केवढं, आणि ठरावीक काळात कापता येणारं अंतर केवढं, ही फारकत लेखकाने उचलण्याजोगी आहे. त्यातल्या दुसऱ्या अंतरापुरत्या भागाला आज 'दृश्य विश्व' म्हणतात.

कोशकिडा :
जैन परिभाषेचीही भर घाला. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आकाशाचे प्रदेश (सर्वांत लहान अंश) 'अनंत' आहेत, आणि धर्म, अधर्म (तिथे गतीला आणि स्थितीला आधार देणारी द्रव्यं) व एका जीवाचे 'असंख्येय'. असंख्येय मोजणीपलीकडचं, तरी अनंताहून लहान. आपण बोलताना दोन्ही एकाच पिशवीत कोंबतो.

त्रिज्या :
दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे 46 अब्ज प्रकाशवर्षं, वय 13.8 अब्ज वर्षं. इथे वाचक अडतो : 13.8 अब्ज वर्षांत 46 अब्ज प्रकाशवर्षं कशी? कारण प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं गेलं. सूक्ष्मलहरींचा तो प्रकाश जिथून निघाला ती जागा तेव्हा फक्त 4.2 कोटी प्रकाशवर्षं दूर होती. मधलं अंतर तेव्हापासून सुमारे 1,090 पट झालं. 'सगळं विश्व एका बिंदूत होतं' हेही लिहू नका. आज दिसणारा भाग सुरुवातीला फार लहान होता, इतकंच म्हणता येतं. एकूण विश्व विस्ताराने अनंत असेल तर ते तेव्हाही अनंतच होतं, फक्त दाट. रात्रीचा काळोखही सांत विस्ताराचा पुरावा म्हणून देऊ नका. ताऱ्यांचा प्रकाश सदासर्वकाळ वाहत आलेला नसला, तर अनंत विस्तारातही रात्र काळीच राहू शकते.

जाता जाता, दृश्य विश्वाचा व्यास किमीमध्ये 88 लाख परार्ध होतो. लीलावतीतल्या संख्यानामांची यादी परार्धाला, म्हणजे 1 वर 17 शून्यांना, थांबते. गंमत म्हणजे त्या यादीत 'अंत्य' नावाची संख्या परार्धाच्या दोन घरं आधीच येऊन जाते.

पानगळ :
मग 'विश्वाला कड नाही. ते विस्ताराने अनंत आहे की परिमित, हे ठरलेलं नाही' असं करतो. 'सांत'च्या जागी 'परिमित' घेतलं, 'अथांग' काढलं. एक शेवटचं : 'अनंतापर्यंत' की 'अनंताकडे'?

शेषफळ :
संख्या वाढत जाते तेव्हा 'अनंताकडे'. 'पर्यंत' म्हटलं की पोहोचल्याचा भास होतो. भिंगाच्या प्रकरणातलं 'अनंत अंतरावरची वस्तू' मात्र तसंच ठेवा, तिथे अनंत म्हणजे 'नाभीय अंतराच्या मानाने फार दूर'. 10 सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर 100 मीटरवरची इमारत धरली तर प्रतिमा 10.01 सेंमीवर पडते. नाभीपासून फरक 0.1 मिमीचा, शाळेतल्या मोजपट्टीची सर्वांत लहान खूण 1 मिमीची असते.