'फक्त ७ नग शिल्लक': शॉपिंग चॅनल बघणं तुमचंही सुटलं का?

सेलूकर
परवा चॅनल चाळता चाळता एका शॉपिंग चॅनलवर थांबलो. तोच घसा ताणून बोलणारा निवेदक, कोपऱ्यात तोच उलटा पळणारा आकडा. दोन मिनिटांत कंटाळलो, आणि माझं मलाच नवल वाटलं. कारण एके काळी हेच मी सिनेमासारखं बघायचो.

मे महिन्याची दुपार, बाहेर पाऊल ठेवायची सोय नाही. भारनियमनातून लाईट आली की आजी, मी आणि शेजारच्या दोन मावश्या टीव्हीसमोर. २००८ ला होमशॉप१८ आलं, चोवीस तास नुसती विक्री. त्याच्या आधी रात्री उशिरा परदेशी जाहिराती लागायच्या, हिंदीत डब केलेल्या. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. एक गोरा बाबा चाकूने आधी बूट कापायचा आणि मग टोमॅटो. आजी म्हणायची, "मेल्याला पायताण शिजवायचंय का?"

घेतलं मात्र एकदाच. पोळी मेकर. आईने हौसेने ज्वारीच्या पिठाचा गोळा ठेवला आणि वरचं झाकण दाबलं. उघडून बघतो तर भाकरीला चहूबाजूंनी भेगा, जून महिन्यातल्या काळ्या रानासारख्या. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ती हातानेच थापावी लागते, हे त्या निवेदकाला कुठून ठाऊक असणार. मेकर माळ्यावर गेला. बघणं तरीही चालूच राहिलं.

ते सुटलं वेगळ्याच कारणाने. एका दुपारी बांगड्यांचे "फक्त ७ नग शिल्लक" होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा ७. निवेदक 'मीनाकारी' शब्दावर अडखळला, तोही कालच्याच जागी. सगळं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं! दारात आलेल्या बहुरूप्याची दाढी निसटावी तसं झालं. माझं म्हणणं एवढंच की आम्ही हे दुकान म्हणून बघत नव्हतो, खेळ म्हणून बघत होतो, आणि खेळच खोटा निघाला. मोबाईल फार नंतर आला. तुमचं काय?

गंगाखेडची लेक
अजिबात पटलं नाही. तुमचं सेलू तालुक्याचं गाव, रेल्वे आहे, बाजारपेठ आहे. तुम्हाला खेळ म्हणून बघणं परवडतं. माझं सासर वाडीवरचं. आठवडी बाजाराला जाणार गडीमाणसं. साडी आणणार तीही तेच, आणि दरवेळी त्याच मोरपंखी रंगाची, कारण दुकानदार हातात देईल ती पिशवीत. आपल्याला कोणता रंग पाहिजे हे मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं ते फोनवर, एका अनोळखी पोरीला, चॅनलवरचा नंबर फिरवून.

पाच साड्यांचा सेट होता. कुरिअरवाला वाडीवर यायचा नाही; गंगाखेडच्या स्टँडजवळ एका पानटपरीत पार्सल ठेवून जायचा. तीन साड्या चांगल्या निघाल्या. एकीचा रंग पहिल्याच धुण्यात बादलीत उतरला. पाचवी नेसायला घेतली तर निऱ्या तीनच पडल्या, इतकी आखूड. तरी त्या माझ्या पसंतीच्या होत्या.

आम्ही खेळ बघत नव्हतो ओ, दुकानच बघत होतो. मोबाईल हातात आला तेव्हा ते दुकान सोडलं. तुमचं कारण तुमच्यापुरतं ठेवा.

बीडचा बोलका
दुकान म्हणे! पैसे मोजल्याशिवाय खोकं उघडू देत नव्हते, त्याला दुकान म्हणायचं? आमच्या वडिलांनी गुडघ्याला चुंबकाचा पट्टा मागवला. त्याला टाचणीसुद्धा चिकटेना. कंपनीला फोन लावला तर अर्धा तास नुसती पेटी वाजली. बंद पडले तर पेढे वाटीन.

खंडपीठाच्या गल्लीतला
सेलूकरांच्या ७ नगांची गोष्ट पुढं कागदावरही आली. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका टेलिशॉपिंग कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल १० लाखांचा दंड केला. कार्यक्रम आधी रेकॉर्ड केलेला असेल तर तसं ठळक दाखवा, आत्ता माल किती उरलाय याच्याशी त्याचा संबंध नाही हेही सांगा, असं बजावलं. बोलक्यांसाठी मुद्दाम सांगतो, त्या जाहिरातींत गुडघ्याचा चुंबकी पट्टाही होता.

पण त्याहून मोठी गोष्ट आपल्याच भागातली आहे आणि ती कुणाला आठवत नाही. टीव्हीवर हनुमान चालिसा यंत्र विकायचे. संकटं टळतात, धंद्यात बरकत येते, अमक्याला नोकरी लागली. त्याविरुद्ध एका शिक्षकाने २०१५ मध्ये औरंगाबाद खंडपीठात याचिका टाकली. ५ जानेवारी २०२१ ला निकाल लागला: अशा यंत्रात दैवी शक्ती आहे असं सांगून विकणं आणि तशी जाहिरात दाखवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. बनवणारा, विकणारा तर अडकतोच, दाखवणाराही सुटत नाही. एका मास्तरने चिकाटी धरली म्हणून.

त्यामुळं "खेळ गेला" म्हणून हळहळणं मला काही जमत नाही. आणि ज्यांच्याकडं अजून पावती असेल त्यांनी १९१५ वर फोन करावा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. कंपनी मुंबईत असो की दिल्लीत, चकरा तिच्या.

सेलूकर
@गल्लीतला, दंड २०२२ चा, मी टीव्हीसमोरून उठलो त्याच्या किती आधी! आम्हा प्रेक्षकांचा निकाल लवकर लागला म्हणायचा.
@लेक, निऱ्यांचं वाचून हसलो, पण रंगाचं वाचून गप्प झालो. आमच्या घरी साडीची खरेदी आईच करायची, म्हणून हे डोक्यातच आलं नाही. तरी विचारतो: आखूड साडी आल्यावर पुन्हा मागवलं?

गंगाखेडची लेक
दोनदा.

उदगीरकर
तुम्ही सगळे मनाचं बोलायलेत, धंद्याचं कुणीच बोलंना. या चॅनलचं पोट प्रेक्षकांवर चालत नाही, ऑर्डरवर चालतं. डिशवर, केबलवर दिसायचं तर बऱ्याचदा त्यांनाच उलट पैसे मोजावे लागतात. माल निघाला तरी पैसे हातात नाहीत, कारण गिऱ्हाईक रोखीने दारात देणार. दारात नको म्हणालं की माल परत, भाडं दोन्हीकडचं. माझा भाचा कुरिअरमध्ये होता. लातूरच्या गोदामात परत आलेली खोकी छतापर्यंत असायची म्हणे.

त्यात ८ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी. माणूस एटीएमच्या रांगेत, पार्सलला कोण दोन हजार देतंय? सिनेनटांना घेऊन २०१५ ला थाटामाटात सुरू झालेलं एक चॅनल त्याच सुमाराला बंद पडलं. त्याच्या दोन महिने आधी जिओ आलेलं. मोठी दोन चॅनल २०१८ ला एक झाली. प्रेक्षक कंटाळला म्हणून हे झालं नाही. बघणारे फुकटे होतेच की, सेलूकरांसारखे. 😄

बीडचा बोलका
मग पेढे रिझर्व्ह बँकेला वाटू काय?

गंगाखेडची लेक
आणि बंद कुठं पडलंय? माझी जाऊ रोज रात्री मोबाईलवर लाईव्ह बघती. एक बाई साड्या उलगडती, "ताई, शेवटचा पीस, स्क्रीनशॉट टाका." फक्त टीव्ही आडवा होता, हा उभा आहे.

मानवतचा मास्तर
उशिरा येतोय, पण आमच्या घरचं सांगतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आमच्या टीव्हीवर दुपारी अजूनही शॉपिंग चॅनलच असतं. आजवर रुपयाची वस्तू मागवली नाही. निवेदकाशी भांडते. तो म्हणतो अकरा भांड्यांचा सेट फक्त नऊशे नव्व्याण्णव, ही म्हणते, "बोहारीण दोन पातळात देती रे, शहाण्या." बाजूला शेंगा फोडणं चालू असतं.

इथलं सगळं वाचून मी मुद्दाम बाहेर गेलो आणि तिला समजावलं, आई, हे आत्ता चाललेलं नसतं, आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. पडद्यावर नेमके कुकरचे ७ नग राहिले होते.

"काल बी सातच होते की," म्हणाली, आणि आवाज वाढवला.