प्रतिसाद: झालर नको, पाठ बघा

वरच्या ताईंनी विचारलं की नागपूरच्या सीताबर्डी बाजारात घेतलेला गालिचा हाताने विणलेलाच आहे हे कसं ओळखायचं, आणि एका दादांनी 'झालर असली की हाताचा' असं सांगितलं. दादा, झालर तर मशीनच्या गालिच्यालाही मागाहून शिवतात. हाताच्या विणीत झालर म्हणजे ताण्याचीच, म्हणजे उभ्या धाग्यांचीच, उरलेली टोकं. ती थेट आतून निघालेली दिसली पाहिजेत.

गालिचा उलटा करून बघा न. गाठीच्या गालिच्याच्या पाठीवर समोरचीच नक्षी दिसते आणि जवळून पाहिलं तर एकेक गाठ मोजता येते. हातच तो, त्यामुळे गाठी थोड्या लहानमोठ्या येतातच. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात गाठ नसतेच, लोकर नुसती टोचून डिंकाने धरलेली असते.

गाठही दोन तऱ्हेची. तुर्की गाठ शेजारच्या दोन्ही ताण्यांना पूर्ण वेढते, फारसी एकालाच पूर्ण आणि दुसऱ्याच्या फक्त मागून जाते. काश्मिरात फारसी वापरतात, आणि तिथे नक्षी चित्र बघून विणत नाहीत: 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत कोणत्या रंगाच्या किती गाठी ते लिहिलेलं असतं, ते वाचत वाचत विणतात. मला तर हे अजूनही अद्भुत वाटतं.

आपली सतरंजी मात्र बिनगाठीची. आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या घरी आजीची निळी-पांढरी आहे, दोन्ही बाजूंनी सारखीच. पंजा दरी नावाच्या सतरंजीत बाणा, म्हणजे आडवा धागा, लोखंडी पंजाने (फणीसारख्या अवजाराने) ठोकून बसवतात, म्हणून ती इतकी घट्ट. ताई, पाठीचा फोटो टाका.